तळाचा काळा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

माफ कर वहीबाई, चार दिवसांनी उघडतोय. सवडच होत नव्हती.

शेठच्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलचं पाणी मी बघतो. क्लोरीन उन्हानं उडू नये म्हणून गोळ्यांतच स्टॅबिलायझर असतं. ते मात्र पाण्यात साठत जातं, आणि फार साठलं की क्लोरीनचा जंतू मारायचा जोरच जातो. मला कुठं ठाऊक? डाइंग मिलमध्ये कापडाचा रंग फिका पडला की रंग वाढवायचा, एवढंच शिकलो. तशा गोळ्याही वाढवत गेलो.

आमची सून संगीता तिथंच स्वयंपाक करते. आज तिनं गोळ्यांच्या डब्यावरचं सगळं वाचलं आणि पूलच्या पेलाभर पाण्यात तपासणीचं औषध मिसळलं. स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितकं ते पाणी पांढुरकं होतं. ते नळीत ओतत जायचं, नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत. थोडंसं ओतताच ठिपका गडप!

"बाबा, स्टॅबिलायझर फार झालंय. अर्धं पाणी काढून नवं भरावं लागेल."

"उद्या शेठची नातवंडं पोहणार आहेत. पाणी स्वच्छ दिसतंय, गप्प राहू. माझं काम जाईल गं."

"आपल्या चिंगीला उतरवाल त्यात?"

चिंगी म्हणजे तिची लेक, माझी नात. पण संगीता कसली गुणाची पोर! एका शब्दानं लाजवलं नाही. म्हणाली, "तुम्ही घरी जा. शेठाणी आल्या की मी सांगते." हे धाडस मला सत्तरीतही जमलं नाही.

डिंडोलीला घरी येऊन दोन तास झाले. तो ठिपका डोळ्यांपुढून हलत नाही. शेठाणी आल्या असतील का? ऐकतील का तिचं?

संगीता, काम राहो नाहीतर जावो. पोरांना पाण्यात उतरू देणार नाहीत ना, एवढं लवकर कळव गं बाई.