पन्नी आणि दुकानापुढची नाली

आत्याबाई, दुपारचं दुकान बंद करून आतल्या खोलीत लिहायला बसले आहे. तुमचा मुलगा शेतावर, धानाच्या बांधीत गेला आहे, संध्याकाळशिवाय येणार नाही. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली. या वीस वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात बोलले नाही असा महिना गेला नसेल, पण ते सगळं कामाचं बोलणं. तांदळात सोंडे झाले तर काय करायचं, गुळाला पाणी सुटलं तर कुठे ठेवायचा, असलं. आज लिहिते आहे ते वेगळं आहे. त्यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे. निम्मं फक्त मला.

घुग्घुसहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुमचं दुकान मला फार जुनाट वाटलं होतं. माझे वडील खाणीत कामाला. तिकडच्या दुकानांत पाच मिनिटांत सामान प्लॅस्टिकच्या पन्नीत भरून गिऱ्हाईक मोकळं होत असे. शिफ्ट सुटली की मोटरसायकलच्या दोन्ही हँडलला पन्न्या लटकलेल्या, त्यांच्यावर कोळशाची धूळ. आणि इथे तुम्ही. मामंजी गेल्यानंतर एकटीने चालवलेलं दुकान, भिंतीला तीन खिळे, प्रत्येक खिळ्यावर चार-पाच थैल्या. जुन्या पँटच्या पायांच्या, धोतराच्या, एक तर खताच्या पोत्याची. दुपारी बसून तुम्ही त्या हाताने शिवायच्या. ज्याने थैली आणली नाही त्याला त्यातली द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ती परत आली नाही तर त्याच्या घरासमोर उभं राहून मागायची. मला त्याची लाज वाटायची. एका थैलीसाठी आपली सासू लोकांच्या दारात जाते, हे माहेरी सांगण्यासारखं नव्हतं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया चिखलाच्या पायांनी थेट दुकानात येत, त्यांच्याजवळ थैली कुठली असणार. तुम्ही त्यांच्या पदरात तांदूळ ओतायच्या आणि गाठ स्वतः मारून द्यायच्या, घट्ट. तेल नेणाऱ्याने बाटली आणायची, नाहीतर परत जायचं. "ज्याले बाटली आणाची आठवण राहत नाई, त्याले तेल संपलं हे तरी कसं आठवलं?" असं तुम्ही विचारायच्या आणि तो माणूस हसत घरी जायचा.

मग समोर नवीन दुकान लागलं. ते सगळ्याला पन्नी द्यायचे. आपली गिऱ्हाइकं रस्ता ओलांडायला लागली, सगळी नाही, पण शाळेतले मास्तर, दवाखान्यातली नर्सबाई, नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना. एकदा सिंदेवाहीला गेले तेव्हा मी तुम्हाला न विचारता पन्नीचे चार गठ्ठे घेऊन आले. गुलाबी. तुम्ही एक पन्नी हातात घेतली, दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "हे कायचं व बाई? कांद्याच्या टरफलावानी." मी म्हटलं, "आत्याबाई, आता सगळे हेच वापरून राह्यले. न दिली तं लोक येणार नाईत." तुम्ही पन्नी परत गठ्ठ्यावर ठेवली. गठ्ठे तिथेच राहिले आणि मी त्यातून द्यायला लागले. लोक परत आले, हेही खरं आहे. तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला थैली द्यायच्या, मी माझ्या गिऱ्हाइकाला पन्नी. एकाच दुकानात दोन रिती.

तो साबणाचा दिवस मला अजून लख्ख दिसतो. बाजाराचा दिवस, दुकानात सात-आठ जण उभे आहेत. एका पोरीने अंगाचा एक साबण मागितला, मी तो पन्नीत टाकून दिला. तुम्ही तराजूवरून मान वर केली. "एका साबणाले पन्नी? काऊन, तो उघडा जायले लाजते का?" सगळे हसले. ती पोरगीही हसली. तिने साबण काढून हातात घेतला आणि पन्नी माझ्यासमोर ठेवून निघून गेली. तुमच्या बोलण्यात विष नव्हतं हे मला आता कळतं. तुम्ही सगळ्यांशीच तशा बोलायच्या. पण मी बारावी शिकलेली, दोन वर्षांची सून, आणि बाजाराच्या दिवशी गावासमोर हसं झालं. त्या दिवसापासून मी तुमच्याशी गरजेपुरतंच बोलायला लागले. तुम्हाला ते लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही. तुम्ही कधी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात नाली तुंबली. तीन दिवस झड लागली होती. दुकानापुढच्या नालीतलं पाणी पायरीला लागलं होतं, आणखी एक वीत चढलं असतं तर तांदळाच्या कट्ट्यांत शिरलं असतं. तुमचा मुलगा रोवण्यावर. तुम्ही डोक्यावर पोतं घेतलं, फावडं घेतलं आणि नालीत उतरल्या. मी म्हणाले नाही की थांबा, मी उतरते. माझ्यासमोर एक म्हातारं गिऱ्हाईक होतं, त्याला तुरीची डाळ हवी होती. मी डाळ तोलत होते. तेव्हा तुमची हाक आली. "बाई, हात दे व जरासा. पाय फसला."

आत्याबाई, ती हाक मला ऐकू आली होती. स्पष्ट. मी पारड्यात आणखी थोडी डाळ टाकली, मग थोडी काढली, पुडा बांधला. दोरा तोडला. मनात एवढंच होतं की बोलावू दे आणखी एकदा, लोकांसमोर मला बोलते ना, आता मारू दे हाक. तुम्ही दुसरी हाक मारली नाही. नंतर पाण्यात काही पडल्याचा आवाज आला आणि तो म्हातारा माझ्या आधी धावला.

खुबा मोडला होता. चंद्रपूरला नेलं, ऑपरेशन झालं, दीड महिना मी तुमच्याजवळ राहिले. लोक म्हणत, सून असावी तर अशी. तुमची वेणी घालत होते, तुम्हाला पेज भरवत होते, आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलं की मी खिडकीकडे पाहत होते. एका सकाळी तुम्ही विचारलंत, अगदी सहज, जेवलीस का विचारावं तसं. "त्या दिवशी आवाज नाई आला का व तुले?" मी म्हटलं, "नाई, आत्याबाई. पाण्याचा आवाज लय होता." तुम्ही छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. पाणी होतं खरं." तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाही. घरी आल्यावर तुम्ही दुकानात बसल्याच नाहीत. काठी घेऊन आतल्या दाराशी बसायच्या आणि तिथून गिऱ्हाइकांची चौकशी करायच्या. दोन वर्षांनी गेल्या. शेवटपर्यंत मला "बाई" म्हणत होत्या, आणि आवाज तोच होता.

आणखी एक सांगते, तेही तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही दवाखान्यात असताना मी एक दिवस कपडे न्यायला गावात आले. एका माणसाने नाली साफ करून ठेवली होती आणि काढलेला गाळ दुकानापुढेच पडला होता, वाळत. त्यात चपला होत्या, पाला होता, बाटल्या होत्या, पण जास्त होत्या पन्न्या. समोरच्या दुकानातल्या पांढऱ्या. आपल्या गुलाबी. गुलाबी जास्त होत्या. मी उभी राहून पाहिलं. मग पुढच्या वेळी सिंदेवाहीला गेले तेव्हा मी पांढऱ्या पन्न्या आणल्या. बंद नाही केल्या, रंग बदलला. गाळात कोणाच्या कोणत्या ते कळू नये म्हणून. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुमच्या मुलालाही नाही.

पुढे सरकारने पन्नीवर बंदी आणली. तपासायला साहेब यायचे त्या आठवड्यात सगळी दुकानं थैलीवाली व्हायची, साहेब गेले की पन्नी बाहेर. मीही तेच केलं. गल्ल्याखाली साखरेच्या डब्यामागे ठेवायची आणि ओळखीच्यालाच द्यायची. ओळखीचे म्हणजे सगळं गाव. अशी बरीच वर्षं गेली. कायद्याने मी सुधारले असं म्हणता येत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी नाली पुन्हा तुंबली. या वेळी तुमचा मुलगा घरात होता, आत जेवत होता. त्याला न सांगता मीच फावडं घेऊन उतरले. आता माझंही वय तुमच्या तेव्हाच्या वयाकडे झुकलं आहे, गुडघा साथ देत नाही. गाळात पाय रुतला आणि निघेना. मी हाक मारली, "अहो, हात द्या जरा." ते उष्ट्या हाताने धावत आले. भात हाताला तसाच होता. मला वर ओढलं आणि म्हणाले, "मले सांगायचं नाई का? मी काय मेलो होतो?" एवढंच झालं, आत्याबाई. माणूस हाक मारतं आणि दुसरं येतं, यात सांगण्यासारखं काही नाही. पण मी पायरीवर बसले आणि मला उठवेना. त्यांना वाटलं पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी मी डब्यामागच्या पन्न्या चुलीपुढे नेल्या, मग आठवलं की जाळल्या तर धूर विषारी होतो, म्हणून गठ्ठा बांधून कचऱ्याच्या गाडीत दिला आणि शिलाई मशीनवर बसले.

पहिल्या महिन्यात चाळीस थैल्या शिवल्या, परत आल्या अकरा. लोकांची कारणं ऐकली असती तर तुम्ही हसल्या असत्या. थैली गाडीच्या डिक्कीत आहे. थैली धुवायले टाकली. थैली माझी नाही, बायकोची आहे, तिला विचारतो. पदरात बांधून देऊ म्हटलं तर आता पदर कोणाकडे आहे? पोरी ड्रेसमध्ये येतात, बाया गाऊनवर ओढणी घेऊन येतात. एक मास्तर म्हणाले, "बाई, अर्धा किलो साखरेसाठी मी घरी परत जाऊ का?" मी म्हटलं, "जा न, सर. साखर कुठी पळून राह्यली?" ते समोरच्या दुकानात गेले. मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. तीन आठवड्यांनी आले, खिशातून घडी केलेली थैली काढली, झटकली आणि माझ्यासमोर धरली. मी साखर ओतली. मी दारात जाऊन थैल्या मागत नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. पण एका म्हाताऱ्या ढिवरीणबाईने हे काम आपण होऊन घेतलं. ती तळ्यातले मासे घरोघर विकते. परतताना टोपलीत माझ्या चार-दोन थैल्या घेऊन येते, माशांचा वास लागलेल्या. "घे व, तुह्या पोरी आणल्या," म्हणते. मी त्या धुवून वाळत घालते. आता दहातले सात लोक घरूनच थैली आणतात. उरलेले तीन कधी आणतील असं वाटत नाही, पण तेही साबण हातात घेऊन जातात.

मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीने माझा सत्कार केला. शाल, नारळ, खुर्ची पहिल्या रांगेत. सरपंचबाईंनी माईक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "काकू, ही थैलीची गोष्ट तुम्हाले कशी सुचली, ते सांगा." दीडशे माणसं बसली होती. मी म्हटलं, "अशीच सुचली. मनात आलं, केलं." टाळ्या वाजल्या. खाली उतरले तर ती ढिवरीणबाई वाटेत उभी. तुमच्याच काळातली, तुम्हाला नावाने हाक मारणारी एवढी एकच आता उरली आहे. ती म्हणाली, "सासूचं नाव नाई घेतलं व तू?" मी म्हटलं, "घाईत विसरली, मावशी." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि "असं होते," म्हणून टोपली उचलून गेली.

मी विसरले नव्हते. नाव जिभेवर आलं होतं. पण तुमचं नाव घेतलं असतं तर कोणीतरी नक्की विचारलं असतं की त्या म्हातारीचं पुढे काय झालं, ती पडली कशी, तेव्हा घरी कोण होतं. तुमच्या मुलाने विचारलं असतं कदाचित, तो तिसऱ्या रांगेत होता. हे पत्र त्याला दाखवणार नाही. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर तुमचं नाव घेईन, असं शेवटी लिहायचं म्हणून बसले होते. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. घेईनच असं मला अजून म्हणता येत नाही.