नॅपकिनांच्या वह्या

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू कर-तपास खात्यात लागल्यापासून तुला पत्र टाकायचं म्हणजे धाकधूक. तिकीट कमी लावलं तर धाड घालशील! इकडे सगळं ठीक. मामीचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त मामी.

आता मुद्द्याचं. परवा आपल्या लाँड्रीत एक चष्मेवाले साहेब आले, तुझ्याच खात्यातले. त्या मोठ्या हॉटेलचे नॅपकिन आपण धुतो ना, ते रोज किती येतात एवढंच त्यांना हवं होतं. आठ वर्षांपूर्वी हॉटेलच्या शेठनी चाळीस नॅपकिन हरवल्याचा आळ माझ्यावर घेतला होता, आठवतं? तेव्हापासून रोजचा आकडा मी वहीत लिहितो आणि खाली हॉटेलच्या माणसाची सही घेतो. साहेबांचं म्हणणं असं की जेवणाऱ्या माणसामागे एक नॅपकिन. कर भरताना शेठ दाखवतात त्याच्या दुप्पट माणसं तिथे जेवत असणार. वह्या घरी आहेत असं सांगून मी वेळ मारून नेली.

मागोमाग शेठ स्वतः हजर. वह्या पाण्यात भिजून गेल्या असं सांग, म्हणाले. ठमे, आपलं पाऊण काम त्यांचं आहे. नवं यंत्र त्यांच्याच जिवावर घेतलं. काय करू ते उलट टपाली कळव.

लोभ आहेच, तो खळ घातल्यासारखा ताठ राहू दे.
तुझा मामा

ता. ८ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नियमाप्रमाणे ते मी वरच्या साहेबांना दाखवलं. साक्षीदार माझा मामा असल्यामुळे या प्रकरणापासून मला दूर ठेवलं आहे. तू विचारलंस त्यावर मला काहीही सांगता येणार नाही. निकाल लागेपर्यंत पत्र लिहिणार नाही, फोनही करणार नाही. मामीला गुडघा शेकायला सांग.

लोभ असावा, या पत्रानंतरही.
तुझी भाची

ता. २ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मामी म्हणाली, भाचीनं हात वर केले. मीही दोन दिवस फुगून बसलो. खरं सांगू? वह्या दिल्या तर शेठबरोबर मीही अडकणार होतो. ते रोखीनं पैसे द्यायचे आणि मीही ते कधी करात दाखवले नाहीत. एकाच माळेचे मणी, शेठ मोठा आणि मी लहान एवढंच.

वह्या घेऊन मी हौदापाशी गेलोसुद्धा. भिजवण्याआधी एक उघडली. वाटलं, आयुष्यात इतकं खरं मी दुसरीकडे कुठं लिहिलेलं नाही. तसाच पिशवी उचलून तुमच्या त्या कचेरीत गेलो. चष्मेवाल्यांना म्हटलं, आधी माझं लिहून घ्या, मग शेठचं.

काय माणूस आहे गं! तीन दिवस आपल्या स्टुलावर बसून होते. पोरं दोन-दोन नॅपकिन घेतात, रस्सा सांडतो, वेटर त्यानंच टेबलं पुसतात, हे सगळं विचारून विचारून वजा केलं. एक नॅपकिन शेठवर जास्त धरला नाही. चोरावर एवढी दया कशाला, असं मी विचारलं. दया नाही, कोर्टात टिकायला हवं, म्हणाले.

शेठनी काम काढून घेतलं. यंत्र झाकून ठेवलंय. माझा कर दंडासकट हप्त्यांनी फेडतो आहे. तू उत्तर देणार नाहीस, ठाऊक आहे. पण मामाची लाज वाटली असेल तर ती मनात ठेवू नकोस.

लोभ असेल तेवढा राहू दे.
मामा

ता. १९ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काल निकाल लागला. शेठना तीन वर्षांची कैद झाली. म्हणून आज लिहिते आहे.

लाज कसली रे! मी एक ओळ जरी लिहिली असती, तरी भाचीनं मामाला पढवलं असं त्यांच्या वकिलानं म्हटलं असतं. म्हटलंच त्यानं. तेव्हा आमच्या लोकांनी आपली पत्रं कोर्टापुढे ठेवली. त्यामुळे ठमी हे नाव सरकारदरबारी नोंदलं गेलं आहे आणि ऑफिसातला शिपाईसुद्धा मामीच्या गुडघ्याची चौकशी करतो.

स्वतः कर चुकवणाऱ्याच्या वहीवर विश्वास का ठेवायचा, असं वकिलानं तुला विचारलं म्हणे. माझ्यावर ठेवू नका, त्यांच्याच माणसाच्या रोजच्या सहीवर ठेवा, असं तू म्हणालास. चष्मेवाल्या साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले. बारा वर्षं आमच्यासमोर मोठमोठी माणसं येऊन बसतात. आधी माझं लिहून घ्या म्हणणारा अजून कुणी आला नव्हता.

साक्षीदाराचं कौतुक करायची आमच्या नियमात सोय नाही, म्हणून इतके महिने दातांखाली जीभ धरून बसले. आता तू साक्षीदार नाहीस, नुसता माझा मामा आहेस. मामा, मला तुझा फार अभिमान वाटतो.

शनिवारी येते आहे. लोभाचं समक्षच बोलू.
तुझी ठमी