मिनिटकाट्याला लटकलेला लेखक

प्रति,
मा. ग्रंथपाल,
नगर वाचनालय.

विषय : ‘मी आणि मिनिटकाटा’ या पुस्तकाच्या सहाही प्रती अर्जदाराच्या नावे कायमच्या देणेबाबत.
संदर्भ : आपल्या दारातील फळा, ‘सर्वाधिक मागणीचे पुस्तक’.

महोदय,

आपला विश्वास बसणार नाही, परंतु फळ्यावर झळकणाऱ्या सदर पुस्तकाचा लेखक आणि त्याला एवढी मागणी आणणारा इसम, दोन्ही अर्जदारच आहे.

१) अर्जदार मनोऱ्याच्या घड्याळाचा निवृत्त घड्याळजी. तेल घालताना पाय घसरून तो मिनिटकाट्याला लटकला, ही हकिकत तो केशकर्तनालयाच्या बाकावर तीस वर्षे सांगत आला. मुलाबाळांसमोर तो पाच मिनिटे लटके, पाहुण्यांसमोर तासभर. कुणाचीही हरकत नव्हती. पुरावा म्हणून त्या वेळी हातात असलेली छत्री सोबत जोडली आहे.

२) भाच्याने ‘मामा, छापून टाका, नाव होईल’ असा घोशा लावला. छापायचे तर एकच आकडा घालणे भाग पडले : पान ४१, वीस मिनिटे. भाच्याने हौसेने एक प्रत वाचनालयास भेट दिली, ती नेमकी न्हाव्याने वाचली. तेव्हापासून अर्जदार ‘अर्धा तास’ म्हणाला रे म्हणाला की न्हावी वस्तरा थांबवून ओरडतो, ‘मामा, पान एकेचाळीस!’

३) उपाय म्हणून अर्जदाराने ती प्रत लागोपाठ अकरा वेळा घरी नेली. आपल्या नोंदवहीस ती लोकप्रियता वाटली व आपण आणखी पाच प्रती मागवल्या. पैकी एक सध्या न्हाव्याच्या आरशाखाली, पावडरच्या डब्याशेजारी मुक्कामास आहे. काल अर्जदाराने नुसता घसा खाकरला, तोच न्हाव्याने पुस्तक उघडून सगळी हकिकत स्वतःच वाचून दाखवली. लोक पोट धरून हसले. आता त्या बाकावर बसून अर्जदाराने करायचे काय?

४) तरी सहाही प्रती मिळाव्यात. एका सभासदास दोनच पुस्तके, हा नियम अर्जदारास मान्य आहे, म्हणून सौ. व मेहुणी यांचे सभासद अर्ज जोडत आहे. सौ.च्या सहीसाठी हे सर्व मोठ्याने वाचून दाखवले असता त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘अहो, लटकली होती ती छत्री! तुम्ही खाली माझ्याजवळ उभे राहून तिच्याकडे बघत होतात.’

आपला नम्र व तूर्त जमिनीवरचा,
निवृत्त घड्याळजी
दि. ४ ऑक्टोबर

सोबत :
१) सभासद अर्ज, दोन (पैकी सौ.चा सहीविना).
२) छत्री, एक (दांडा वाकलेला).