दादाच्या गिटारची वायर

९ फेब्रुवारी
दादाची गिटार मुकी झाली. सकाळीच फोन — "छोटे, तुझ्या मोटारी ठेव बाजूला. आधी माझं बघ."

दुकानाला कुलूप लावून गेले. ही गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवत वाजवायची. दादापेक्षाही वयाने मोठी. केबल बदलून पाहिली. जॅक घासला. आवाजाचं बटण साफ केलं. अँपमधून नुसती घरघर.

मी मोटारींचं वाइंडिंग करणारी, वाद्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. तसं म्हटलं तर दादा म्हणाला, "कॉइल ती कॉइलच की."

१० फेब्रुवारी
आज पिकअप उघडला. तारांखाली लोहचुंबक, त्याच्याभोवती केसाहून बारीक वायरची कॉइल. तारांची थरथर इथे पकडली जाते आणि अँपकडे जाते. मीटर लावला. काटा ढिम्म. म्हणजे कॉइल तुटलेली — आतून तुटली असेल तर माझ्या हाताबाहेरचं काम.

भिंगातून बघताना श्वास सोडायचीसुद्धा भीती वाटत होती. वहिनी स्क्रूंची वाटी धरून शेजारी उभ्या. "वन्सं, हीच का ती वायर? एवढीशी?"

हीच. नशीब, बाहेरच्या टोकालाच हिरवा गंज चढून सुटली होती. सोल्डर केली, वर टेप लावली. वाजली!

दादाने कांडी हातात घेतली. हात ठरेना. सूर लागायचा आणि लगेच घसरायचा. तो हसला. "पूर्वी कंप मुद्दाम द्यावा लागायचा. आता फुकट मिळतो."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी स्क्रू मोजत बसले. सगळे लावून झाले होते.

१३ फेब्रुवारी
दादाच्या जुन्या बँडमधल्या ड्रमरने सगळ्यांना एकत्र आणायचं ठरवलंय. पुढच्या महिन्यात, एका हॉलमध्ये कार्यक्रम. दादाला दोन गाणी दिली आहेत. दादा रोज सकाळी सरावाला बसतो. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी फरक पडेल, पण थोडाच.

१७ फेब्रुवारी
परत बंद. परत तीच वायर. माझंच सोल्डर कच्चं राहिलं असणार. लाजेने मान वर करवेना. दादाच मला समजावत होता — "होतं गं. जुनं हाड आहे ते."

जोडून आले.

२१ फेब्रुवारी
तिसऱ्यांदा. एवढ्या मोटारी भरल्या, एक वायर माझं ऐकत नाही. आता गिटार दुकानात आणलीय.

२२ फेब्रुवारी
सकाळच्या उजेडात भिंग धरलं. ओढ बसून तुटलेल्या वायरचं टोक निमुळतं असतं. हे टोक सपाट आहे, चकचकीत. आणि माझी टेप मी लावते तशी नाही. कोणीतरी उघडून परत चिकटवलीय.

वायर तुटलेली नाही. कापलेली आहे.

दिवसभर एकही मोटार हातात घेतली नाही. दादा. दुसरं कोण? सगळ्यांसमोर हात थरथरण्यापेक्षा गिटार बिघडलेली बरी, असंच ना? आणि मी बावळट, जोडून जोडून त्याच्या मांडीवर ठेवत होते.

वायर जोडली. सवयीने. मग कळेना, की आता गिटारचं करायचं काय.

२४ फेब्रुवारी
दादाकडे गेले होते. तो खिडकीपाशी बसला होता. म्हणाला, "झाली का गं?" मी काही बोलणार तेवढ्यात ड्रमरचा फोन आला. दादाने स्पीकर लावला.

"काय रे, गिटार काय म्हणते?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "कॉइल आतून गेली. नाही होणार आता."

पलीकडून, "अरेरे. मग दुसऱ्याला विचारू का?"

"विचार," दादा म्हणाला.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, सुटल्यासारखा दिसेल. तसा दिसला नाही. मग म्हणाला, "गिटार तुझ्याकडेच असू दे. सुटे भाग कोणाच्या तरी कामाला येतील. तू खूप केलंस, छोटे." कांडी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. गुंडाळायला वेळ लागला. मी मदत केली नाही, त्याला आवडलं नसतं.

घरी येताना मनाची समजूत घातली. त्याचं झाकलं, बरं केलं.

२६ फेब्रुवारी
वहिनी दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या, पाणीही घेतलं नाही. "वन्सं, ती वायर मी कापत होते. दोन्ही वेळा. रोज सकाळी वाजवायचे, सूर लागला नाही की माझ्याकडे बघायचे. मला बघवेना हो." मग म्हणाल्या, "पण त्यांना वाजवायचं होतं. तसंच, थरथरत. काल पहिल्यांदा रडले."

दादाच्या त्या हातांनी एवढासा स्क्रू फिरला तरी असता का? हे मला आधी सुचलंच नाही.

हॉलमध्ये दुसरा कोणीतरी वाजवणार, ठरलंसुद्धा. गिटार माझ्या टेबलावर आहे. छान वाजते.