उघडं पान

उर्गुत, ७ मार्च

प्रिय ओयगुल,

होसियतमावशी शुक्रवारी सकाळच्या गाडीने समरकंदहून निघेल आणि दुपारच्या आत ताश्कंदला पोचेल. तिच्याजवळ निळ्या चादरीचं गाठोडं असेल. त्यात कोटांच्या पाठीचे बारा तुकडे आहेत, दर दोन तुकड्यांच्या मध्ये पातळ कागद घातला आहे. कागद ओढू नकोस, उचल. इस्त्री उलट बाजूनेच, तीही ओल्या फडक्यावरून. सातव्या तुकड्यातला लाल मंजिष्ठेचा आहे, अजून थोडा रंग सोडतो, त्याला पांढरं अस्तर लावू नकोस. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहितो. माहीत असलेलंही माणूस विसरतो, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

तुझ्या आईचा गुडघा थंडीत बराच दुखला, आता ती अंगणात चालते. जर्दाळू यंदा दहा दिवस आधी फुलला आहे, म्हणजे एखाद्या रात्री हिम पडलं की सगळं गेलं. माझ्याकडे अख्ख्या फेब्रुवारीत दोनच शिलाई मशीनं दुरुस्तीला आली. लोक आता मशीन बिघडलं की टाकून देतात आणि चिनी आणतात. टाकलेली मी उचलून आणतो. ठेवायला जागा नाही म्हणून आई रोज बोलते, आणि तिचं खरं आहे.

रविवारच्या बाजारात मात्र एकही खाडा केलेला नाही. उजाडताना जातो, आपण दोघं जायचो तसाच. तू सहा वर्षांची होतीस, माझ्या कोटाचा खिसा धरून चालायचीस. जुन्या कापडवाल्या बायका ढीग उलगडायच्या आणि तू आधी नाक खुपसायचीस. बुरशी, धूर, डांबराच्या गोळ्या, तुला सगळे वास ओळखू यायचे. मग माझ्याकडे बघून विचारायचीस, ‘बाबा, हे मेलंय का?’ मी तुला नियमच तसा घालून दिला होता. जिवंत कापड कापायचं नाही. जी सुझानी, लग्नातली ती भरतकामाची चादर, अजून भिंतीवर टांगता येते, जिच्या खाली अजून एखादं लग्न लागू शकतं, तिला कात्री लावायची नाही. उंदरांनी खाल्लेली, पाण्याने कुजलेली, पोत्यासारखी वापरून मेलेली, तिचे धड राहिलेले तुकडे उचलायचे आणि त्यांना नवं अंग द्यायचं. एकदा तू एका बाईच्या तांब्याच्या लोट्याखालचा कळकट चौकोन ओढून काढलास. अर्धं डाळिंब आणि एक वेल, एवढंच शिल्लक होतं. ‘हे थोडंसंच मेलंय,’ म्हणालीस. त्याची मी तुला टोपी केली, उरलेलं अर्धं डाळिंब स्वतः भरून. जुना अर्धा कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, ते तुझ्या शाळेतल्या एकाही बाईंना सांगता आलं नव्हतं.

मी हे कुणाकडून शिकलो नाही, हे तुला शंभरदा सांगितलं आहे. आज एकशेएकावी वेळ. मी सत्तावीस वर्षांचा होतो. एक कुजकी सुझानी मशीन पुसायला चिंध्या म्हणून घेतली होती. पुसण्याआधी सहज एक फूल उसवून बघितलं, टाका कसा पडतो ते. एका फुलाला अकरा दिवस लागले. उसवायचं, वहीत काढायचं, पुन्हा घालायचं. लांब धागा टाकायचा आणि त्याच धाग्याने परत येताना त्याला बारीक तिरक्या टाक्यांनी बांधत आणायचं. मी डावखुरा. शाळेत मास्तरांनी डावा हात बाकाला बांधून ठेवला होता, पण सुई धरताना तो आपोआप सुटला. म्हणून माझा टाका उलटा झुकतो. या गावातल्या सगळ्या बायकांचा टाका उजवीकडे, माझा डावीकडे.

आणि लोक काय म्हणायचे तेही तुला ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाशी नूरमतचा चहाखाना, तिथून मांडीवरचं कापड घेऊन जायची चोरी. ‘काय एर्गाश-आका, कितवा महिना? बाळंतविडा शिवताय ना?’ सगळ्या खाटा हसायच्या. एकदा तू, तेव्हा आठ वर्षांची, थांबलीस आणि म्हणालीस, ‘नूरमतकाका, तुमच्या विजारीचं ठिगळ तरी सरळ आहे का?’ त्या दिवशी मी तुला तंदुरातले दोन गरम समसे घेऊन दिले आणि वाटभर हसू दाबत आलो. पंचवीस वर्षांत माझ्या बाजूने बोललेलं ते एकच वाक्य. ते मी जपून ठेवलं होतं.

त्याच वर्षी तू विचारलंस की प्रत्येक कामात मी एक पान रिकामं का सोडतो. पेन्सिलची रेघ तशीच, आत धागा नाही. मी तुला सांगितलं की आया सोडतात. काम पुरं झालं की हात थांबतो, आणि आईचा हात लेकीवरून थांबू नये म्हणून एक पान उघडं ठेवायचं. तू म्हणालीस, ‘पण तुम्ही तर आई नाही.’ मी म्हटलं, आपल्या घरात सुई धरणारी बाई नाही, तर मी सोडतो. तुझी आजी रोझिया कापसाच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायची. तिच्या छातीवर पदकं होती आणि कोटाचं बटण तुटलं तर ती ते तारेने बांधायची. म्हणायची, ‘सुईपेक्षा पाना बरा. हरवत नाही.’ तुझी आई स्वयंपाकात राणी, पण सुईत दोरा ओवायला तिला मीच लागतो. तेव्हा ते पान माझ्याकडे आलं. तू माझं बोट धरून त्या रिकाम्या पानावरून दोनदा फिरवलंस आणि म्हणालीस, ‘हे माझं.’

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी बाजारात एक परदेशी बाई माझ्या पुढे चालली होती. काळा लांब कोट, आणि पाठीवर माझं डाळिंब. आपलं काम माणूस लांबून ओळखतो, पोटच्या पोराची चाल ओळखावी तसं. मला किती आनंद झाला ते कसं लिहू. मी तिच्या मागे मागे चाललो, गर्दीतून, कांद्याच्या पोत्यांवरून. मला फक्त ते पान बघायचं होतं. उजव्या खांद्याखाली, वेल वळते तिथे. ते भरलेलं होतं. बाजारच्या चकचकीत धाग्याने, साखळीच्या टाक्याने, झुकाव उजवीकडे. मला वाटलं कुणीतरी चोरून नक्कल केली. म्हणून तिच्याबरोबरच्या वाटाड्या बाईला मी विनवलं, कोट आतून दाखवा. तिने दाखवला. अस्तरावर तुझ्या दुकानाची पट्टी होती आणि पट्टीवर माझ्या आईचा फोटो, पांढऱ्या रुमालातला, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. भिंतीवरून तो कधी गेला हे आम्हाला कळलंही नव्हतं. वाटाडीने वाचून दाखवलं, ‘आमची आजी रोझिया आजही आपल्या अंगणात बसून प्रत्येक कोट स्वतःच्या हाताने भरते.’ आजी जाऊन चौदा वर्षं झाली. ती परदेशी बाई माझ्याकडे बघून हसली आणि वाटाडीमार्फत विचारलं, तुम्ही यांना ओळखता का? मी म्हटलं, हो. माझी आई. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं की अशा आईचा मुलगा असणं किती भाग्याचं आहे. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

त्या रात्री मी फोन केला तेव्हा तू खोटं बोलली नाहीस, एवढं मी मान्य करतो. म्हणालीस, ‘बाबा, रागावू नका, पण लोकांना आजी लागते. मिशीवाली आजी नाही विकली जात.’ आणि स्वतःच हसलीस. मी हसावं म्हणून थांबलीस. मग पानाबद्दल विचारलं तर म्हणालीस, ‘गिऱ्हाइकं म्हणतात काम अर्धवट आहे. म्हणून कारखान्यातल्या मुलींकडून भरून घेते.’ आजीचं मी समजू शकतो, ओयगुल. बाजार आहे, बाजाराची जीभ वेगळी असते. नूरमत तीस वर्षं गावठी म्हणून शेजारच्या तालुक्याचा मध विकतो आहे. पण ते पान भरायला सांगताना तुझ्या तोंडून शब्द निघाला कसा? चार वर्षं मी पाठीमागून पाठ पाठवत होतो, प्रत्येकीवर एक पान सोडून, आणि तू एकेक बंद करत होतीस. चहाखान्यातली माणसं निदान तोंडावर बोलायची.

त्यानंतर दहा दिवसांनी तुझा पुन्हा फोन. नवरोजच्या प्रदर्शनात लोकांना आजी प्रत्यक्ष बघायची आहे. ‘बाबा, होसियतमावशीला पाठवा ना. पांढरा रुमाल बांधून, सुई हातात घेऊन बसेल नुसती. फोटोपुरतं.’ आणि हळू आवाजात, ‘तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुम्हाला बघून लोक प्रश्न विचारतील.’ तुझ्या आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि तुला काय सांगितलं ते तुला ठाऊक. मी अंगणात गेलो.

मी नाही म्हणालो नाही. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नव्हती आणि माझ्या आली, कारण मी तपशील सोडत नाही. भिंतीवर बारा कोट टांगलेले, सगळ्यांचा टाका डावीकडे झुकलेला. खाली होसियत बसणार, उजव्या हाताने सुई चालवणार. कुणी एक जाणती बाई आली, एकीला जरी डोळा असला, तरी तुझं दुकान सगळ्यांसमोर खोटं पडेल. म्हणून गेले चार दिवस रोज दुपारी मी होसियतमावशीला डाव्या हाताने टाका घालायला शिकवतो आहे. ती कुरकुरते, ‘उद्या डाव्या हाताने जेवायलाही लावशील.’ पहिल्या दिवशी बोटं रक्ताळली. काल तिला एक अख्खी पाकळी जमली. खोटंच सांगायचं तर टाका तरी खरा पडू दे. तिने विचारलं, ‘आणि नाव विचारलं तर काय सांगू?’ मी म्हटलं, रोझिया. तिने सुई खाली ठेवली. ‘तुझ्या आईचं? अरे, ती वरून पाना फेकून मारेल मला.’ आम्ही दोघंही हसलो. मग मी तिला माझ्या आईचं नाव तीनदा म्हणायला लावलं, अडखळू नये म्हणून.

तेव्हा प्रदर्शनाची काळजी करू नकोस. तुझं सगळं नीट होईल. हे पत्र त्यासाठी नाही. गाठोडं उघडलंस की तू तेरावं कापड शोधशील, कारण ते टांगायच्या भिंतीची मापं तूच मला मागच्या उन्हाळ्यात दिली होतीस. येत्या शरदातल्या तुझ्या लग्नाची सुझानी. अकरा वर्षं मी ती भरतो आहे, तुझ्या लोट्याखालच्या त्या डाळिंबाच्या नक्षीपासून सुरुवात करून. ती मी पाठवलेली नाही. परवा मी तिचं शेवटचं पान बंद करायला बसलो होतो. दोरा ओवला, गाठ मारली, सुई कापडात घातली आणि तशीच ठेवली. ती अजून तिथेच आहे. तुला ती हवी असेल तर स्वतः ये, एकटी ये, आणि चहाखान्यावरून चालत ये. नूरमत विचारल्याशिवाय राहणार नाही, ‘काय पोरी, कुणाच्या हातचं न्यायला आलीस?’ त्याला उत्तर दे. मोठ्याने दे, त्याला हल्ली एका कानाने कमी ऐकू येतं. मी अंगणातच असेन, मलाही ऐकू येईल. तोवर पान उघडं आहे.

तुझाच,
मिशीवाला
एर्गाश