मयतीचं चीज

वरचं गाव, आनिविए खोरं
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय फेलिसिएं,

तू, कोरीन आणि पोरी मजेत असाल. इथे कुरणं पांढरी झालीत, गाई गोठ्यात आल्यात. आईचं ठीक आहे. म्हणजे, जेवते थोडंफार.

आज तिला गावच्या म्युझियममध्ये नेलं होतं. हट्ट तिचाच. तिच्या लग्नात राखून ठेवलेलं मयतीचं चीज तिने मागच्या उन्हाळ्यात तिथे देऊन टाकलं, आठवतं ना? "मी काही इतक्यात मरत नाही, तोवर बघू देत लोकांना," म्हणाली होती. केवढे हसलो होतो आपण! आता ते काचेच्या कपाटात आहे आणि खाली पाटी आहे: 'मालकाच्या अंत्यविधीला कापण्यासाठी जपलेलं चीज. लोप पावलेली प्रथा.'

आई भडकलीच. "लोप पावलेली? आणि मी कोण इथे उभी आहे?" मग म्युझियमच्या क्लिवाझबाईंना म्हणाली, "काढून द्या माझं चीज. लागणार आहे."

दिलेली वस्तू आईने कधी परत मागितली आहे का रे?

क्लिवाझबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. कीड लागू नये म्हणून त्यांनी त्याला विषारी औषध चोपडलंय. आता ते कोण खाणार, असं बिचारीला वाटलं. आई काचेकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्या मयतीला आलेल्यांना मी विष वाढू?"

वाटेत मी म्हटलं, दुसरं आणू. तर म्हणे, "ते मुरायला वर्षं लागतात, पोरी." आणि माझा दंड घट्ट धरून चालत राहिली.

फेलिसिएं, वर 'ठीक आहे' लिहिलं ते खोटं आहे. तिच्या आतड्यात गाठ आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणतात डॉक्टर, आणि बर्फ वितळेपर्यंतचीही खात्री देत नाहीत. "त्याला कळवायचं नाही, त्याला कामं असतात," अशी शपथ घातलीय तिने मला. फोनवर बोलले तर ऐकेल, म्हणून हे पत्र. मला फार भीती वाटते रे. सकाळी तिच्या खोलीचं दार ढकलण्याआधी कान लावून तिचा श्वास ऐकते.

घरी येताच तिने शेजारच्या बास्तियांकडून यंदाचं मऊ चीज मागवलं. म्हणाली, "याला मुरायला वेळ नाही आणि मलाही नाही. येत्या रविवारी मीच कापणार. गाव बोलाव. राईचा पाव, पिंपातली वाइन, सगळं मयतीला असतं तसं. कोण खरं रडतं ते मलाही बघू दे!" मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. मागून तिचा आवाज आला, "पहिला तुकडा फेलिसिएंचा. तो नसला तर सुरी मी हातात घेणार नाही."

ती तुला स्वतः बोलावणार नाही, तुला माहीत आहे. शनिवारीच ये. काळे कपडे आणू नकोस.

आपल्याला अजून आई आहे.

तुझी ताई,
लेओंतीन