स्क्रीनखालची चिठ्ठी

कासारवाडी, मंगळवार संध्याकाळ

कॉम्प्युटरवर आज पुन्हा तीच सूचना. यातल्या लिनक्स सिस्टिमचे सुरक्षा अपडेट बंद झाले म्हणे. ह्यांनी मुद्दाम जुनी, भरवशाची आवृत्ती टाकली होती. चाकणला कंपनीत मेंटेनन्सला होते, तिथलीच सवय. स्क्रीनखाली त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे: चालू मशीनला हात लावू नये.

पुतणी म्हणाली, "काकू, दार सताड उघडं टाकून झोपताय तुम्ही. नवीन टाकते."

"आणि त्यांनी माझ्या वाचनाच्या नोंदींसाठी बनवलेला प्रोग्राम?"

"तुमच्या नोंदी वाचवीन. प्रोग्राम नव्यावर चालेलच असं नाही."

नोंदींचं काय एवढं? रोज उघडला की तो विचारतो, 'आज काय वाचलंस?' तेवढंच तर कुणीतरी विचारतं.

नाहीच म्हणणार होते. पण चिठ्ठीकडे पाहिलं आणि आठवलं. छातीत दुखायचं तेव्हाही हेच म्हणायचे. चालतंय ना, मग डॉक्टर कशाला? मीही ऐकलं. का ऐकलं?

उद्या पुतणीला बोलावलंय. आत्ता प्रोग्राम उघडला. आज काय वाचलंस?

'तुमची चिठ्ठी' असं लिहिलं, आणि ती काढून ठेवली.